साहेबाचे डुक्कर

मागील वर्षीच्या स्नेहसंमेलनातील खाद्यजत्रा आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या जत्रेच्या आठ दिवस आधी द्वितीय वर्षातील एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. ती मूळची कोडगूची. जत्रेची जबाबदारी त्या वर्षी माझ्याकडे होती. तिने विचारले, "सर, आमच्या घरची पंदी करी आणि कडंबुट्टू ठेवले तर चालेल का?" पंदी म्हणजे डुक्कर. मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "कशाला उगीच वाद?"

मुलगी गुणी, तिने पुन्हा विचारले नाही. जत्रेच्या दिवशी तिच्या टेबलावर तांदळाचे पांढरेशुभ्र कडंबुट्टू होते आणि सोबत नारळाची चटणी. सर्वांनी कौतुकाने खाल्ले. ते अर्धेच ताट आहे, हे फक्त तिला आणि मला ठाऊक होते. शेजारच्या टेबलावर मटणाचा तांबडा रस्सा होता, पलीकडे अंडाकरी होती. त्यांना मी हरकत घेतलेली नव्हती.

मी दिलेल्या त्या उत्तराचा जाब मला पुढे विचारला गेला. परंतु तो इथे बेळगावात नव्हे, तर माझ्या गावी, बालाघाटात. त्याची ही हकीकत.

बालाघाट हे मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाचे, वैनगंगेच्या काठचे गाव. गोंदियाहून रेल्वेने गेले की फार वेळ लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्याच दिवशी बेळगाव आणि कोडगू म्हैसूर राज्यात आले. तेव्हा ती विद्यार्थिनी, मी आणि आपले हे गाव एकाच तारखेची लेकरे आहोत, असे म्हणावयास हरकत नाही. आम्ही घरी मराठी बोलत असू आणि शाळेत हिंदी. गावाच्या उत्तरेला घाट चढून गेले की बैहरचे पठार लागते. तिथे सालाची जंगले, गोंड आणि बैगा लोकांची वस्ती, आणि पुढे कान्हाचे अभयारण्य.

माझा शाळेतला जिवलग मित्र बैहरकडचा, गोंड समाजातला. त्याचे घर आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झाले. वडिलांना मँगनीजच्या खाणीत नोकरी लागली म्हणून ते कुटुंब बालाघाटला आले. तो आमच्याकडे रोज यायचा. आमच्या घरात त्या वेळी अंडेही येत नसे. आई त्याला प्रेमाने चहा द्यायची. मात्र कोनाड्यात ठेवलेल्या निळ्या काठाच्या कपातून. तो कप इतर भांड्यांत कधी मिसळत नसे. माझी आई दुष्ट नव्हती. मित्र तापाने पडला होता तेव्हा तिने आठ दिवस त्याला पेज पाठवली. पण कप वेगळा. कारण विचारले की एवढेच सांगितले जाई, "ते लोक डुक्कर खातात." कप आणून देण्याचे आणि धुऊन पुन्हा कोनाड्यात ठेवण्याचे काम माझे होते. मी ते दहा वर्षे बिनतक्रार केले.

त्याच्या घरी मी जात असे, परंतु ओसरीपर्यंत. आत चुलीवर टांगलेली बांबूची टोपली दिसे. तिच्यात मासे आणि मांसाचे तुकडे धुरावर सुकत असत. पाहुणा आला, सण आला, की त्यातून काढायचे. त्याची आजी सांगे की, पूर्वी त्यांच्या घरी नारायणदेवाच्या नावाने डुक्कर पाळीत, वर्षानुवर्षे जपत आणि मग देवाला वाहत. गोंडांच्या या नारायणदेवाची आणि त्याच्या डुकराची नोंद रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. म्हणजे जो प्राणी आमच्या घरी कप विटाळत होता, तो त्यांच्या घरी देवाचा नैवेद्य होता. घराने धर्म बदलला, तरी सणाचे मांस तेच राहिले. फक्त सण नाताळचा झाला.

गेल्या डिसेंबरात सुट्टीसाठी मी गावी गेलो, तेव्हा या मित्राकडे नाताळची मोठी तयारी चालली होती. त्याचा मुलगा हॉटेल व्यवस्थापन शिकून गोव्यात नोकरीला आहे. त्याने वडिलांना फोनवरून सांगितले होते की, यंदा घरीच हॅम करायचा. हॅम म्हणजे दुसरे काही नाही, डुकराची मागली मांडी मिठात मुरवून धुरावलेली. आदल्या वर्षी बापलेकांनी हा प्रयोग केला होता, पण फसला. युरोपात मांडी थंडीतच टांगून ठेवतात असे ऐकून यांनीही ती मिठात चोळून पडवीत टांगली. आमच्याकडे डिसेंबरात रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो हे खरे. पण दुपारी तो २५ च्या पुढे जातो. चौथ्या दिवशी हाडाजवळ वास सुटला आणि सगळी मांडी खड्ड्यात पुरावी लागली.

यंदा मात्र काम शास्त्रशुद्ध होते. मांडी ५ किलोची. ५ लिटर पाण्यात सुमारे ३०० ग्रॅम मीठ, गूळ, मिरे आणि तमालपत्र. शिवाय ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असलेले खास मीठ. ते मांस आणि पाणी यांच्या एकूण वजनाच्या दर किलोस अडीच ग्रॅम, म्हणजे २५ ग्रॅम, अगदी तोलून. हे पाणी पिचकारीने हाडालगत टोचून मांडी फ्रिजमध्ये १० दिवस बुडवून ठेवली होती. पूर्वी या कामासाठी सोरा वापरीत. नायट्राइटमुळे बोट्युलिझमचे जीवघेणे विष करणारे जंतू वाढत नाहीत, आणि मांसाला तो ओळखीचा गुलाबी रंग येतो. प्रमाण चुकले तर मात्र हेच मीठ विष ठरते; म्हणून ते साध्या मिठात मिसळू नये यासाठी गुलाबी रंगवलेले असते. मी रसायनशास्त्राचा अध्यापक असल्याने तराजू आणि थर्मामीटर माझ्या हाती देण्यात आले. पास-नापास करण्याची सवय अशी कामी आली!

२४ तारखेला परसात तेलाच्या जुन्या पिंपात धूर केला. लाकूड कोणते घ्यावे यावर मुलाचे शिक्षण संपले आणि त्याच्या आजीचे सुरू झाले. माझ्या मित्राची आई ऐंशीच्या पुढची. सालाचे, म्हणजे तिकडच्या भाषेत सरईचे, लाकूड तिने दूर सारले. त्यात राळ असते, धूर कडू होतो. तिने आंब्याची वाळलेली लाकडे आणवली आणि ज्वाळा न होऊ देता ती धुमसत ठेवायला शिकवले. मी माझ्या परीने सांगत होतो की, लाकडातील लिग्निन जळताना ग्वायाकॉलसारखी फिनॉल द्रव्ये सुटतात. त्यांच्यामुळे तो सुवास येतो आणि चरबी खवट होत नाही. धूर मात्र वरच्या थरातच राहतो, आतले काम मिठाचे. म्हातारीने ते शांतपणे ऐकून घेतले. ती हे सारे साठ वर्षे करीत आली होती. मी फक्त त्याची नावे सांगत होतो.

पाच-सहा तासांनी कातडी सोलून चरबीवर शंकरपाळ्यासारख्या चौकटी पाडल्या, प्रत्येक चौकटीत एक लवंग खोवली, आणि गूळ, वाटलेली मोहरी व नागपुरी संत्र्याचा रस आटवून त्याचा लेप दिला. हा लेप शेवटच्या अर्ध्या तासातच द्यायचा. आधी दिला तर साखर करपून कडू होते. थर्मामीटरने आत ७० अंश दाखवले आणि मी "पास" म्हणालो. मांडी तांब्याच्या घागरीसारखी चकाकत होती.

नाताळच्या जेवणाला मी त्या घराची ओसरी ओलांडून प्रथमच आत बसलो. चिन्नोर तांदळाचा भात, घरची चटणी आणि हॅमचे पातळ काप. मी आवडीने खाल्ले आणि कौतुकाच्या भरात म्हणालो की, मुंबईच्या हॉटेलात खाल्ले होते त्याहून हे सरस आहे. मित्र हसला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईला एका परिसंवादासाठी गेलो असताना मी त्याला मोठ्या ऐटीत पत्र लिहिले होते की, आज हॅम सँडविच खाल्ले. ते पत्र त्याच्या लक्षात होते. तो म्हणाला, "सायबाचं डुक्कर तुले चालते. आमचं काहून नाही चाललं बे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्याकडे आला. आई जाऊन आता काही वर्षे झाली. मी नेहमीच्या कपात चहा पुढे केला. त्याने कोनाड्याकडे पाहिले आणि सहज विचारले, "तो निळ्या काठाचा कुठं गेला?" त्याला ते सगळे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आणि तरीही तो दहा वर्षे रोज येत राहिला.

त्या क्षणी मला आपल्या विद्यार्थिनीची आठवण झाली. तिच्यापुढे मी तोच कप ठेवला होता. फक्त त्याला "कशाला वाद" असे सभ्य नाव दिले होते.

आता मुद्द्याचे बोलतो. कोणी म्हणेल, डुक्कर घाणेरडे असते. गटारीत हिंडणारे डुक्कर घाण खाते हे खरेच. पण ती घाण कोणाची? उघड्यावर बसणारे आपण, गटारी तुंबवणारे आपण, आणि दोष जनावराचा! बंदिस्त जागी धान्यावर पाळलेले डुक्कर शेळीइतकेच स्वच्छ राहते. डुकराच्या मांसातून पट्टकृमी होतो, हेही खरे; तो मांस नीट शिजवल्याने मरतो. परंतु मेंदूत गाठी करणारा आजार त्या कृमीच्या अंड्यांमुळे होतो, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून पोटात जातात. म्हणून तो आजार शुद्ध शाकाहारी माणसालाही होतो. त्यावर उपाय शौचालय आणि साबण. वेगळा कप नव्हे.

कोणी म्हणेल, प्रकृतीला वाईट. यातही तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली हॅम, सॉसेज यांसारखे मुरवलेले-धुरावलेले मांस निश्चितपणे कर्करोगकारक वर्गात घातले. तेव्हा हे रोजचे खाणे नव्हे, सणाचेच राहावे. पण मग जत्रेतल्या इतर टेबलांवरही तोच नियम लावू या, एकट्या डुकरावर नको.

कोणी म्हणेल, आमच्या धर्मात निषिद्ध आहे. या आक्षेपापुढे मी आदराने थांबतो. मुसलमान विद्यार्थ्याला ते हराम आहे. शाकाहारी घरातल्या मुलाला कोणतेही मांस नको असते. त्यांच्या ताटात ते चुकूनही जाऊ नये, याची काळजी घेणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु "मी हे खात नाही" आणि "हे खाणारा हलका" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले वाक्य माणसाचा हक्क आहे. दुसरे वाक्य आपण उघड बोलत नाही, कोनाड्यात ठेवतो.

आणि या कोनाड्यात सगळी डुकरे जात नाहीत, हे विशेष! डब्यातून आलेले, इंग्रजी नावाचे चालते. गोव्याच्या सहलीत आपली मुले चोरिस-पाव खातात आणि त्याचे फोटो सर्वांना दाखवतात. कोडगूत कैलपोळ्दच्या सणाला, शस्त्रांच्या पूजेच्या दिवशी, पंदी करी हा मानाचा पदार्थ असतो. तिथेही चुलीवर मांस धुरावण्याची जुनी चाल आहे. बैहरच्या आजीची टोपली आणि इंग्रजांचे धुराडे यांचे शास्त्र एकच. फरक आहे तो खाणाऱ्याच्या पायरीचा. तेव्हा आपला विटाळ जनावराचा नसून माणसाचा आहे, हे एकदा प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

यंदाच्या खाद्यजत्रेची जबाबदारी माझ्याकडे नाही. म्हणून समितीकडे एक अर्ज देत आहे. त्या विद्यार्थिनीची इच्छा असेल तर तिला पूर्ण ताट मांडू द्यावे. टेबल वेगळे असावे, भांडी आणि पळी वेगळी असावी. ती शिक्षा म्हणून नव्हे, तर ज्यांना नको त्यांच्या सोयीसाठी. टेबलावर ठळक पाटी असावी, मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि तिच्यावर सरळ "डुकराचे मांस" असेच लिहिलेले असावे. खाणाऱ्याने खावे, न खाणाऱ्याने नमस्कार करून पुढे जावे.

अर्जाखाली पहिली सही माझी आहे. खाली जागा पुष्कळ आहे. आणि त्या विद्यार्थिनीला एवढेच सांगावयाचे आहे की, मागील वर्षी तू योग्य तेच विचारले होतेस. उत्तर माझे चुकले.