मिल्ड्रेडला हसण्याआधी

रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची 'फॅरनहाइट ४५१' ही विज्ञान कादंबरी १९५३ सालची. तिच्यातल्या जगात पुस्तकं बाळगणं हा गुन्हा. बंबवाले येतात ते आग विझवायला नाही, पुस्तकं जाळायला! भिंतीएवढे टीव्ही, कानात घालायचे शिंपल्याएवढे रेडिओ, हे सगळं लेखकानं सत्तर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आज वाचताना थक्क व्हायला होतं.

पण मला बोलायचंय ते मिल्ड्रेडबद्दल. पुस्तकं जाळणाऱ्या मॉन्टॅगची ही बायको. दिवसभर घरात एकटी. तीन भिंतींवर टीव्ही, त्यातली पात्रं म्हणजे तिचं 'कुटुंब', आणि आता चौथ्या भिंतीसाठी नवऱ्यामागे भुणभुण. काय ही बाई, असं वाटतंच. आपल्याकडेही सिरियल लावून बसणाऱ्या, मोबाइलवर रील बघणाऱ्या बायकांना असंच हसतात की!

पण जरा थांबा. कादंबरीच्या सुरुवातीलाच मिल्ड्रेड झोपेच्या गोळ्यांची बाटली रिकामी करते. तिला वाचवायला डॉक्टर येत नाही, मशीन घेऊन दोन कामगार येतात. अशा केसेस रात्रीला नऊ-दहा असतात, म्हणे! सकाळी तिला यातलं काही आठवत नाही. आपण दोघं पहिल्यांदा कुठं भेटलो, हे नवऱ्यालाही सांगता येत नाही. ज्या घरात माणसं बोलत नाहीत, तिथं भिंतच जवळची वाटणार ना?

मॉन्टॅगला प्रश्न विचारणारी क्लॅरिस भेटते, समजावणारे प्राध्यापक फेबर भेटतात. मिल्ड्रेडला कुणीच भेटत नाही. शेवटी पुस्तकं पाठ करून जपणारी मंडळी येतात, तेही सगळे पुरुष. खरं तर याच कादंबरीत पुस्तकांसोबत स्वतःला जाळून घेते ती एक म्हातारी बाई. आणि मॉन्टॅगनं कविता वाचल्यावर रडू फुटतं ते मिल्ड्रेडच्या मैत्रिणीला. म्हणजे या बायकांच्या आत काहीतरी जागं होतंच. १९६६ मध्ये फ्रान्स्वा त्रूफो यांनी यावर सिनेमा काढला, तेव्हा निदान क्लॅरिसला तरी त्या पुस्तकं जपणाऱ्यांत नेऊन पोचवलं.

जुनी पुस्तकं आज वाचायची ती यासाठीच. लेखकानं ज्या बाईकडे बोट दाखवलं, तिच्या शेजारी आपल्याला बसता येतं.

तेव्हा 'बंद कर तो टीव्ही' म्हणणाऱ्यांनी आधी विचारावं, आज दिवस कसा गेला गं तुझा? आणि मैत्रिणींनो, गावातल्या वाचनालयात नवऱ्याचं, मुलांचं नाव असेलही. तुमचं आहे का?