ज्याला तुम्ही लेक म्हणता, ते धरण आहे

गेल्या महिन्यात लिस्बनला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने एक यादी पाठवली. दक्षिण पोर्तुगालमधली फारशी कुणाला माहीत नसलेली खेडी, आवर्जून पाहावीत अशी. "खाला, निवृत्त झालात की या," असं त्याने खाली लिहिलं होतं. त्याच आठवड्यात शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवर दुसरी यादी आली. मुळशीतली दहा ऑफबीट ठिकाणं, वीकेंडसाठी. पिरंगुटला राहून मला वीस वर्षं होत आली, म्हणून कौतुकाने उघडली. दहांपैकी सहा रिसॉर्ट होते. बाकीच्यांत एक धबधबा, एक 'लेक व्ह्यू पॉइंट' आणि दोन ठिकाणी कांदाभजी चांगली मिळते अशी नोंद. गाव एकही नाही.

या दुसऱ्या यादीशी माझं भांडण आहे. धबधब्याशी नाही, भज्यांशी तर मुळीच नाही. भांडण 'लेक' या शब्दाशी आहे. मुळशीला निसर्गाने दिलेलं सरोवर नाही. तिथे धरण आहे, आणि त्या पाण्याखाली गावं आहेत.

नववीच्या वर्गात मी मुलांना विचारलं, मुळशी सत्याग्रह कुणाला माहीत आहे? एक हात वर आला, तोही 'मुळशी पॅटर्न' सिनेमा पाहिल्यामुळे. मुलांना काय बोलणार? मी स्वतः बी.एड. होईपर्यंत सेनापती बापट हे नाव फक्त रस्त्याच्या पाटीवर वाचलं होतं. माणूस सेनापती कुठल्या फौजेचा, हा प्रश्नही मला पडला नव्हता. फौज याच खोऱ्यातली होती, मावळ्यांची, हातात शस्त्र नसलेली.

थोडक्यात सांगते, कारण यादीवाल्यांनी सांगितलेलं नाही. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज हवी होती. टाटा कंपनीने नीळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरवलं. पाणी पूर्वेला वाहतं ते अडवायचं, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि त्यावर वीज करायची. बुडणाऱ्या गावांची संख्या सर्वसाधारणपणे बावन्न सांगतात. खोरं आंबेमोहोर भाताचं. सरकारने 1894 चा भूसंपादन कायदा लावून जमीन कंपनीला मिळवून दिली. एका खासगी कंपनीचं काम 'सार्वजनिक हित' ठरलं. हा शब्दप्रयोग आजही किती उपयोगी पडतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, हजाराहून अधिक मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम थांबलं. काही महिन्यांनी पुन्हा सुरू झालं, तेव्हा डिसेंबरपासून पांडुरंग महादेव बापटांनी नेतृत्व घेतलं. विनायकराव भुस्कुटे बरोबर होते. बायका-मुलं कामाच्या जागी आडवी आली, मार खाल्ला, तुरुंग भरले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावातच त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं आहे. व्होरांनी एक अप्रिय गोष्टही लपवली नाही. इथल्या बऱ्याच जमिनीची मालकी पुण्यातल्या सावकारांकडे गेलेली होती. त्यांना मोबदला हवा होता, कसणाऱ्यांना जमीन. फूट तिथूनच पडत गेली. लढा विझत आला तेव्हा, 1924 च्या डिसेंबरात, बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. 1927 ला भिऱ्याचं वीजगृह सुरू झालं. पुढचं सगळं पाण्याखाली.

उर्दू-मराठी शिकवणारी बाई म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. या लढ्याची घोषणा होती 'जान किंवा जमीन'. जान फारसी, जमीनही फारसी, आणि मधोमध मराठी 'किंवा'. ज्या शेतकऱ्याने ती दिली, त्याला यातला कुठला शब्द परका वाटला नाही. आज मात्र शुद्ध मराठीच्या गप्पा मारणारे याच तालुक्यात (हा शब्दही अरबी) जमीन, दस्त, खरेदीखत आणि ताबा हे शब्द दिवसभर वापरून घरी जातात.

आता भाच्याच्या यादीकडे येते. त्यात लूझ नावाचं एक गाव होतं. मी पोर्तुगाल पाहिलेला नाही. पण नाव शोधलं आणि थबकले. ग्वादियाना नदीवर आल्केवा नावाचं मोठं धरण झालं, 2002 च्या फेब्रुवारीत त्याचे दरवाजे बंद केले आणि लूझ बुडालं. बुडण्याआधी काही किलोमीटरवर नवं लूझ बांधलं गेलं. चर्च पुन्हा उभं केलं, कब्रस्तानातले मृतदेहही नव्या जागी नेले. आणि त्या छोट्याशा गावात एक संग्रहालय आहे, बुडालेल्या गावाचं. लोक ते पाहायला जातात. सगळं गोड होतं असं नाही. नवं गाव आपलं वाटत नाही, अशी तिथल्या म्हाताऱ्यांची तक्रार होतीच. पण तक्रार करायला निदान एक जागा आहे, आणि पाहुण्याला तिथे गेल्यावर कळतं की आपण ज्या निळ्या पाण्याचे फोटो काढतोय, त्याच्या तळाशी कुणाची तरी चूल होती.

मुळशीच्या लढ्याला 2021 मध्ये शंभर वर्षं झाली. इतक्या वर्षांच्या जाण्यायेण्यात, ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बुडालेल्या गावांची नावं लिहिलेली एक पाटी माझ्या नजरेला पडलेली नाही. रिसॉर्टच्या पाट्या मात्र दर दोनशे पावलांवर.

माझ्या बोलण्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. शाळेतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मॅडम, गावांची नावं जगाला सांगू नका. ताम्हिणीचं काय झालं पाहिलंत ना?" पाहिलं आहे. जुलैच्या रविवारी पौडच्या पुढे गाड्यांची रांग, बाटल्यांचा खच, धबधब्यात उतरून जीव गमावणारी पोरं. तरीही मला हे म्हणणं पटत नाही. एकोले, वडुस्ते, तैलबैला ही नावं कुणापासून लपून आहेत? जमिनीच्या दलालाला प्रत्येक वाडीचा गट नंबर पाठ आहे. कुठल्या सातबाऱ्यावर किती वारस आणि त्यांतला कोण कर्जात आहे, हेही त्याला कळतं. मोसे खोऱ्यात लवासा उभं राहायला लागलं, ते त्या गावांना प्रसिद्धी मिळाली म्हणून नाही. माणसांना माहीत नव्हतं तेव्हाच ते उभं राहिलं. 2010 मध्ये पर्यावरण मंत्रालयाची नोटीस निघाल्यावर सगळ्या देशाने दासवे हे नाव ऐकलं. गाव अज्ञात राहिलं की ते विकणाऱ्याचं फावतं. गर्दीला वळण लावता येतं, पण गुपचूप झालेलं खरेदीखत परत फिरवता येत नाही.

मग काय पाहावं? मी काही गाईड नाही, गुडघेही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, तरी सांगते.

वडुस्ते गावावरून कैलासगडावर जा. वर तसं काही शिल्लक नाही. पाण्याचं टाकं आहे, थोडे अवशेष आहेत. तटबुरूज पाहायला गेलात तर निराश व्हाल. पण वरून मुळशीचं सगळं पाणी दिसतं, त्याचे डोंगरांच्या खोबणीत शिरलेले हात दिसतात. प्रत्येक हात म्हणजे एक ओढा होता आणि ओढ्याकाठी खाचरं होती. मुळशी धरण समजून घ्यायला यापरती चांगली जागा मला माहीत नाही, आणि कुठल्याच रिसॉर्टच्या खिडकीतून ती दिसत नाही.

एकोल्यावरून घनगड. छोटा किल्ला, लोखंडी शिडीवर जरा धडधडतं. पलीकडे तैलबैल्याच्या दोन सरळसोट कातळभिंती. तिथून वाघजाई घाटाने उतरलं की खाली कोकणात ठाणाळ्याची बौद्ध लेणी, एका कड्यात तेवीस, दोन हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे ज्याला आज कोपऱ्यातलं गाव म्हणतात, ते बंदरावरून घाटमाथ्यावर जाणाऱ्या माणसांच्या वाटेवरचं गाव होतं. कोपरा ते डांबरी रस्त्याने झालं.

देवराया पाहा, पण आत जाण्याआधी गावात विचारा. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आपल्यासारख्या शिकलेल्यांना कळलं की देवाच्या नावाने राखलेलं हे जंगल किती जुनं आहे. गावाला ते आधीच ठाऊक होतं. मी मुसलमान बाई, डोक्यावर ओढणी. एका देवराईच्या कडेला थांबले तर तिथल्या आजी म्हणाल्या, "चपला काढ न् ये की आत." एवढीच अट होती.

आणि पेठ शहापूरवरचा कोरीगड. इथे मला माझ्याच लोकांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. आमच्या मोहल्ल्यात किल्ल्याचं नाव काढलं की, "ते त्यांचं आहे, आपल्याला काय?" तिकडे दुसऱ्या बाजूला असे लोक आहेत, ज्यांच्यासाठी किल्ल्याचा इतिहास 1657 ला, शिवाजी महाराजांनी तो घेतला तेव्हाच सुरू होतो. दोघांनाही अर्धाच किल्ला हवा आहे. 1480 च्या दशकात मलिक अहमदने शिवनेरी घेतला, मग लोहगड, तुंग, तिकोना, कोरीगड. त्यातून अहमदनगरची निजामशाही उभी राहिली. हा मलिक अहमद कोण? त्याचे वडील मूळचे पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातले, असं फरिश्ता लिहितो. कुणाला परका ठरवणार? याच निजामशाहीत मालोजी आणि शहाजीराजे सरदार होते. 1818 च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथरने कोरीगडावर तोफा डागल्या, दारूगोळ्याचं कोठार पेटलं आणि किल्ला पडला. गडाखालच्या गावाच्या नावात शहा, गडावर कोराई देवी. मुलांना मी सांगते, हे सगळं एकाच दगडावर आहे, सोलून वेगळं करता येत नाही.

भाच्याच्या यादीत मेर्तोला हे गावही होतं, त्याच ग्वादियाना नदीवर. ग्वादियाना म्हणजे आपलं 'वादी', अरबीतली नदी. तिथलं चर्च पूर्वी मशीद होतं. 1238 मध्ये ख्रिस्ती सरदारांनी गाव जिंकलं आणि मशिदीचं चर्च केलं. पण मेहराब आजही वेदीमागे आहे, ती बुजवून टाकलेली नाही. 1978 पासून तिथे क्लाउदियो तोरेस आणि त्यांच्या सोबत्यांनी उत्खनन केलं, मुस्लिम वस्तीतली घरं आणि भांडी बाहेर काढली, गावभर छोटी संग्रहालयं मांडली. 2001 पासून दर दोन वर्षांनी इस्लामी उत्सव भरवतात. ख्रिस्ती गाव, आठशे वर्षांपूर्वी हरलेल्यांचा इतिहास, आणि तो जपायला त्यांना कुणाचीही भीती वाटली नाही. शिवाय पोटापाण्याचाही प्रश्न थोडा सुटला. मी पोर्तुगालची आरती करत नाही. त्यांनी गोव्यात काय केलं ते आपण जाणतो. पण चांगली गोष्ट कुणाकडूनही घ्यावी, असं आमच्या अब्बांनी शिकवलं.

माझी मागणी मोठी नाही. कोट्यवधींचं स्मारक नको, त्याचं कंत्राट कुणाला जाईल ते मला माहीत आहे. पाण्याकाठी एक खोली हवी. भिंतीवर बुडालेल्या गावांची नावं, सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांची नावं, एखादा जुना नकाशा, आंबेमोहोराची एक पाटी. खोली सांभाळायला गावातलीच मुलगी, पगारावर. आणि येणाऱ्याने रिसॉर्टऐवजी गावातल्या घरात जेवावं, तांदूळ तिथूनच विकत न्यावा.

दोन वर्षांपूर्वी मी सहलीसाठी हा प्रस्ताव एका शाळेत ठेवला होता. "पालकांना आवडणार नाही, तिथे बघण्यासारखं काय आहे?" असं उत्तर आलं. सहल वॉटर पार्कला गेली. मुलं नळाच्या पाण्यात खेळली आणि बस मुळशीच्या पाण्याशेजारून परत आली.

यंदा मी परवानगी मागितलेली नाही. सुट्टीतला रविवार आहे, नऊ मुलं, सहा मुली आणि तीन पालक. टेम्पो ट्रॅव्हलर ठरली आहे. पाण्याकाठच्या एका वाडीत एक आजी आहेत. त्यांच्या सासूबाईंचं जुनं घर पाण्यात गेलं. नावं सांगते म्हणाल्या, फक्त दुपारी या, सकाळी गुरं असतात. मुलांना वही आणायला सांगितली आहे. ज्याला जे येतं त्या लिपीत लिहायचं, उर्दूत किंवा मराठीत. गावांची नावं दोन्हींत लिहून घेणार आहे. गाडीत चार जागा अजून आहेत.