हार्मोन्सचं कारण सांगून तुम्ही दोनदा दार लावलंत

मेंदूवर संशोधन करणाऱ्या आणि नैराश्यावर औषधं लिहून देणाऱ्या समस्त डॉक्टरांना,



हे पत्र कुणा एका डॉक्टरांना नाही. एकालाच लिहिलं असतं तर ते म्हणाले असते, त्या वेळी शास्त्राला एवढंच माहीत होतं. खरंही असेल ते. म्हणून माझी तक्रार तुम्हा सगळ्यांकडे आहे: एवढंच का माहीत होतं?

माझी मोठी मुलगी झाली तेव्हा मी माहेरी होते. शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आई सगळं वेळच्या वेळी करत होती. आणि मला बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नव्हतं. बाळ गाढ झोपलेलं असायचं, मी आढ्याकडे बघत पडलेली असायचे. आपण गेलो तर हिचं भलंच होईल, असं मला मनापासून पटत होतं. आईनं ज्यांच्याकडे नेलं त्यांनी माझ्याकडे न बघता तिला सांगितलं, ‘हार्मोन्सचं आहे. बाळंतिणीला होतं असं. जाईल आपोआप.’ मुलगी चालायला लागली तरी ते गेलं नाही. पुढे पाळी जायच्या वयात तेच सगळं परत आलं, तेव्हा वेगळ्या शहरातल्या वेगळ्या डॉक्टरांनी हेच वाक्य ऐकवलं.

हार्मोन्स म्हटलं की बोलणं संपायचं. तपासणी नाही, पुढची तारीख नाही. मला वाटायचं, यांनी बायकांच्या हार्मोन्सचा इतका अभ्यास केलाय की त्यांना आता विचारायचं काही उरलेलं नाही. तुमच्या प्रयोगशाळांत काय चाललं होतं ते नंतर वाचलं, आणि मी दुखावले गेले ती तिथे.

२०११ साली कॅलिफोर्नियातल्या अॅनालीस बीरी आणि अर्व्हिंग झुकर यांनी प्राण्यांवरच्या संशोधनाचा आढावा छापला. मेंदूविज्ञानात फक्त माद्यांवर केलेल्या एका प्रयोगामागे फक्त नरांवर केलेले साडेपाच प्रयोग होते. माद्या का नकोत? तर उंदरांच्या माद्यांचं चार-पाच दिवसांचं ऋतुचक्र असतं, हार्मोन्स वरखाली होतात, आकडे बिघडतात. ही नुसती समजूत होती, आणि ती फारशी कुणी तपासली नव्हती. २०१४ साली ब्रायन प्रेंडरगास्ट आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ ३०० शोधनिबंध चाळून दाखवलं की उंदरांच्या माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले नसतात. माणसांचीही तीच गत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९७७ साली मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवायला सांगितलं आणि ते बंधन १९९३ पर्यंत राहिलं. थॅलिडोमाइड या औषधानं गर्भांवर केलेला अनर्थ ताजा होता, ती भीती मी समजू शकते. पण पोटातल्या गर्भाला जपायचं म्हणून गरोदर नसलेल्या बाईलाही वगळलंत, आणि नंतर औषध मात्र तिलाच दिलंत. नैराश्य बायकांना पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट होतं, हे तुमचीच पुस्तकं सांगतात. लहानपणी मुलगा-मुलगी बरोबरीत असतात. वयात येताना ही तफावत सुरू होते.

म्हणजे हार्मोन्स आहेत म्हणून आम्हाला प्रयोगात घेतलं नाहीत आणि हार्मोन्स आहेत म्हणूनच दवाखान्यातून परत पाठवलंत. कारण एकच, आणि दोन्ही वेळा दाराबाहेर आम्ही.

दार उघडल्यावर काय दिसलं, तेही तुमच्याकडूनच कळलं. २०१७ साली कॅनडाचे बेन्वा लाबोंते आणि न्यूयॉर्कचे एरिक नेस्लर यांच्या गटानं नैराश्य असलेल्या स्त्री-पुरुषांच्या मेंदूंतले सहा भाग मरणोत्तर तपासले. घरातले दिवे तेच, पण कोणते लागलेत आणि कोणते विझलेत हे पाहावं, तसं त्यांनी जनुकांचं पाहिलं. नैराश्यातल्या बाईच्या मेंदूत जे बदल होते, त्यातले फार थोडे पुरुषाच्या मेंदूत सापडले. डीयूएसपी६ नावाचं एक जनुक बायकांमध्ये मंद झालेलं होतं. ते उंदरांत मुद्दाम मंद केल्यावर माद्या ताणाला लवकर बळी पडू लागल्या, नरांवर मात्र तसा परिणाम झाला नाही. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गच्या मॅरियन सेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याहून चक्रावणारं काही दिसलं. बाई आणि पुरुष दोघांतही बदललेली जनुकं मुळात थोडी, आणि त्यांतली बरीचशी उलट दिशेनं बदललेली. वरून आजार एकच दिसतो. तीच उदासी, तीच उडालेली झोप, तेच जगणं नकोसं होणं. आत मात्र वाटा निराळ्या. बाईचा मेंदू दुबळा असतो असा अर्थ यातून कुणी काढू नये, काढला तर तोही अन्यायच होईल. पुरुषाचा मेंदू पाहून सगळ्यांच्या मेंदूविषयी बोलता येत नाही, इतकं मात्र यातून नक्की कळतं.

आणि एक जुना प्रयोग आहे. तो वाचून मी खूप रडले. २००० साली अमेरिकेत बेथेस्डा इथे मिकी ब्लॉक, पीटर श्मिट आणि डेव्हिड रुबिनो यांनी १६ बायकांना औषधांनी गरोदरपणासारखी हार्मोन्स दिली आणि मग बाळंतपणात होतं तशी ती एकदम काढून घेतली. यांतल्या आठजणींना पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य आलं होतं, आठजणींना नव्हतं. प्रयोगाच्या वेळी सगळ्या बऱ्या होत्या. पहिल्या आठपैकी पाचजणी पुन्हा खचल्या. दुसऱ्या आठपैकी एकही नाही. डॉक्टर, हार्मोन्सची चढउतार दोन्हीकडे सारखीच होती! काही मेंदू त्या उतरणीत वेगळे वागतात, आजार आहे तो तिथे. बाळंत होणाऱ्या प्रत्येक बाईची हार्मोन्स उतरतात, पण प्रत्येकीला मरावंसं वाटत नाही. मग ‘हार्मोन्सचं आहे’ असं सांगून तुम्ही माझ्या आईला नेमकं काय सांगितलंत?

या प्रश्नाचा पाठपुरावा केला की काय हाती लागतं तेही बघा. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत अॅलोप्रेग्ननोलोन नावाचं एक द्रव्य बनतं, ते मेंदूला शांत ठेवतं. गरोदरपणी ते खूप वाढतं, बाळंत होताच कोसळतं. त्यावरूनच ब्रेक्सानोलोन हे औषध निघालं आणि अमेरिकेत २०१९ साली मंजूर झालं: ६० तास शिरेतून, तेव्हाची किंमत सुमारे ३४,००० डॉलर. मग २०२३ मध्ये झुरॅनोलोनची १४ दिवसांची गोळी आली. मला आनंद झाला, आणि रागही आला. बायका शतकानुशतकं बाळंत होत आल्या आहेत, आणि खास त्यांच्या या आजारावरचं पहिलं औषध २०१९ साली!

पण सगळं काही जनुकांवर आणि द्रव्यांवरही ढकलू नका. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास २००२ साली छापला. बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होतं. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती, आणि मुलगी होणं होतं. हे वाचताना मला माझ्या मुलीच्या बारशाला न आलेली माणसं आठवली. मुलगी झाली म्हणून पडलेले चेहरे बाळंतिणीला दिसतात, डॉक्टर. हार्मोन्स उतरत असतानाच ते दिसतात.

पुरुषांचीही तुम्ही नीट विचारपूस केलीत असं नाही. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात दहापैकी सात पुरुष होते. चिडचिड, दारू, रात्र-रात्र घराबाहेर राहणं यामागे नैराश्य असू शकतं, हे माझ्या भावाच्या बाबतीत कुणीच तपासलं नाही.

आता माझं मागणं ऐका. औषधाच्या चाचण्यांत बायका घेता, तर त्यांचे आकडे वेगळे छापा. नैराश्याच्या केसपेपरवर पाळी, बाळंतपण, पाळी जाण्याचं वय यांची नोंद करा, आणि ती नोंद झाली म्हणून विचारणं थांबवू नका. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला आई येतेच. तुम्ही बाळाचं वजन करता, डोस देता, कार्ड भरता. नैराश्य ओळखायची दहा प्रश्नांची एडिंबराची प्रश्नावली १९८७ पासून तुमच्याकडे आहे आणि तिला पाच मिनिटं पुरतात. त्याच खुर्चीत बसलेल्या आईला ते दहा प्रश्न विचारा. सासूला किंवा आईला विचारू नका, तिलाच विचारा. ती जे सांगेल ते तिच्या स्वतःच्या नावाच्या कागदावर लिहा आणि तिला पुढची तारीख द्या.

कळावे.

तुमची एक रुग्ण