पाय दुखतो की दुखतात?

मराठीत ‘पाय’ हा शब्द मोठा फसवा आहे. एक असो वा दोन, रूप तेच. वचन ओळखावयाचे ते क्रियापदावरून. पाय दुखतो, नाहीतर पाय दुखतात. शिरपूरच्या मुलांच्या उत्तरपत्रिकांतील वचनाच्या चुका मी वर्षानुवर्षे लाल शाईने दुरुस्त करीत आलो. पण गेल्या दिवाळीत माझ्याच घरात ते एकवचन मला ऐकू आले नाही.

वसुबारसेच्या सकाळी आत्या पुण्याहून आली. महिन्यापूर्वीच तिच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली. त्यात आठ-नऊ तास बसमध्ये एका जागी बसून आलेली आणि वाटेत उतरावे लागू नये म्हणून पाण्याचा घोटही न घेतलेली! आल्याआल्या म्हणाली, “अरे, पाय दुखतो रे.” “आत्याबाई, आत्ता चेपून देते,” म्हणत आमच्या सौ.ने तिळाचे तेल कोमट करावयास ठेवले. पाय चेपणे ही आपल्याकडची सेवा. तीत वावगे ते काय?

इतक्यात शेजारचे डॉक्टर सहज डोकावले. त्यांनी विचारले, “कोणता पाय?” डावा. पाहतो तो डावी पोटरी उजवीहून चांगलीच सुजलेली आणि हाताला गरम. “तेल राहू द्या. चोळू तर मुळीच नका,” ते म्हणाले. दुपारी डॉप्लर सोनोग्राफीत निदान झाले. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होती.

ही गुठळी पायातच राहिली तर एक वेळ निभावते. पण ती सुटून फुप्फुसात अडकली, तर घटकाभरात प्राणावर बेतते. पायातली गुठळी फुप्फुसापर्यंत जाते, हे रुडॉल्फ फिर्शो ह्या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले. त्यांचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, हा २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळतात. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असता लोक आसऱ्याच्या जागी खुर्च्यांवर बसून रात्री काढीत. त्यांतले काही जण बॉम्बने नव्हे, तर अशा गुठळीने दगावले, अशी नोंद डॉ. कीथ सिम्प्सन ह्यांनी ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात केली. खुर्ची काय आणि बसचे आसन काय, पाय हलले नाहीत की रक्त संथ होते.

धोका कोणाला अधिक? नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना, गरोदर व बाळंतिणींना, कर्करोगाच्या रुग्णांना, आणि पूर्वी गुठळी झालेल्यांना. कुटुंबनियोजनाच्या काही गोळ्यांनीही तो वाढतो. सणासाठी पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्याही मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. आधी डॉक्टरांना विचारावे.

खुणा ध्यानात ठेवाव्यात. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, ऊब, लाली किंवा काळसरपणा दिसला, की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा भोवळ आली, तर १०८ ला फोन करावा; तेथे क्षणाचाही उशीर नको. थकव्याने बहुधा दोन्ही पाय दुखतात, गुठळीने बहुधा एक. अर्थात व्याकरणाप्रमाणे येथेही अपवाद आहेत; काही गुठळ्या तर पायाला कसलीच खूण न दाखविता वाढतात.

आत्याला रक्त गोठू न देणारे औषध काही महिने घ्यावे लागले. आता ती ठणठणीत आहे आणि यंदाही दिवाळीला येणार आहे. वाटेत पाणी पिईन, बस थांबेल तेथे उतरून चार पावले चालेन, बसल्या जागी घोटे हलवीत राहीन, असे तिने कबूल केले आहे. तरीही ती उंबरठा ओलांडताच मी कुशल विचारण्याआधी वचन विचारणार आहे.