वॉर्डाची दारे विद्यार्थ्यांसाठी उघडा

४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटी मुंबईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते देशातल्या पहिल्या स्वदेशी कार-टी पेशी उपचाराचे लोकार्पण झाले. ही बातमी कर्करोगाची म्हणून सगळीकडे वाचली गेली. आपण बायोमेडिकल अभियंत्यांनी ती आपल्या विद्येची बातमी म्हणूनही वाचायला हवी. नेक्सकार१९ नावाचा हा उपचार घडला तो तिथल्या जैवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभागात, डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत. रुग्णांवरच्या चाचण्यांत टाटा मेमोरियल रुग्णालय बरोबरीने होते आणि उत्पादन उभे केले विभागातूनच निघालेल्या इम्युनोॲक्ट कंपनीने.

या उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या, विषाणूपासून बनवलेल्या वाहकाने त्यांत नवा जनुक घालायचा, म्हणजे त्या बी-पेशींवरचे सीडी१९ हे प्रथिन ओळखू लागतात. मग त्या वाढवायच्या, तपासायच्या, गोठवायच्या आणि त्याच रुग्णाला परत द्यायच्या. हा क्रम आता पाठ्यपुस्तकांत मिळतो. अवघड आहे ते प्रत्येक रुग्णासाठी तो बिनचूक पार पाडणे. इथे एक बॅच म्हणजे एक माणूस. ती दूषित झाली, तर पुन्हा सुरुवात करण्याइतका वेळ त्या रुग्णाकडे असेलच असे नाही. निर्जंतुक हाताळणी, तापमान, पेशींची मोजणी, गोठवण्याचा वेग हे सगळे अभियंत्याचे काम आहे. परदेशात तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जाणारा उपचार इथे तीस-चाळीस लाखांवर आला. वाहकापासून सारे इथेच बनवण्याचा आग्रह हे त्याचे मोठे कारण. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त ६४ रुग्णांवरचे निष्कर्ष आले, परिणाम तपासता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांमध्ये उपचाराला प्रतिसाद दिसला. चाचणी लहान आहे, आणि तीस लाखही आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांना झेपणारे नाहीत. खर्च आणखी खाली आणण्याचे काम आता पुढच्या विद्यार्थ्यांचे आहे.

त्यांच्यासाठी वाटा पूर्वीपेक्षा मोकळ्या झाल्या आहेत. २०२० पासून गेटमध्ये बायोमेडिकलची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. त्याआधी आपल्या मुलांना दुसऱ्याच शाखेची प्रश्नपत्रिका सोडवावी लागे. राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने २०१४ साली आयआयटी मुंबईत सुरू झालेले बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र पुढे पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीतही पोचले. त्याच्या ‘मेधा’ हॅकेथॉनमध्ये डॉक्टर आणि अभियंते एका टेबलावर बसतात. छातीचे आवाज मोबाईलवर पोचवणारा स्टेथोस्कोप याच वातावरणात तयार झाला. कल्पना पुढे न्यायची असेल तर केंद्र सरकारच्या बायरॅक संस्थेच्या ‘बिग’ योजनेतून ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू झाल्यापासून गुणवत्ता आणि परवान्यांची कामे जाणणाऱ्या माणसांची गरजही वाढली आहे. या वाटेकडे आपले विद्यार्थी फार कमी वळतात, याचे वाईट वाटते.

पण अनुदान किंवा परीक्षा ज्याची जागा घेऊ शकत नाही, अशी एक गोष्ट आपल्या हातात आहे. पवईचे काम पुढे गेले, कारण प्रयोगशाळेला रुग्णालय मिळाले. मुंबई-पुण्याबाहेरच्या महाविद्यालयातल्या मुलाला ते सहसा मिळत नाही. तो चार वर्षे सर्किटे जोडतो. पण रात्रपाळीच्या सिस्टर इन्फ्यूजन पंपाचा अलार्म वारंवार का बंद करतात, हे त्याने पाहिलेले नसते. रुग्णालयातल्या आपल्या बायोमेडिकल विभागात महिन्याच्या ब्रेकडाउन नोंदींची वही असते. संशोधनाचे विषय तिच्यात आहेत. सर्व्हिस इंजिनिअर फक्त बोर्ड बदलून जातो आणि तोच बिघाड पुन्हा येतो, तेव्हा तो एखाद्या विद्यार्थ्याचा प्रकल्प होऊ शकतो.

म्हणून रुग्णालयांतल्या अभियंत्यांना आमची विनंती आहे. येत्या सत्रात निदान दोन विद्यार्थी आपल्याकडे घ्या. त्यांना फाइली लावायला बसवू नका. कॅलिब्रेशनला सोबत न्या, आयसीयूत डॉक्टरांशी आणि सिस्टरांशी बोलू द्या आणि परत जाताना वहीतली एक न सुटलेली अडचण त्यांच्या हाती द्या. रुग्णांची नावे आणि नोंदी मात्र त्यातून कटाक्षाने वगळा.