ट्रस्टचा पत्ता कुठला धरणार?

आपल्या भोईवाड्याच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. मुंबईचा इन्कम टॅक्स दिल्लीला कशाला, अमेरिकेतल्या राज्यांसारखा महाराष्ट्राने स्वतःचा इन्कम टॅक्स लावावा वगैरे. शेवटी "खरा मराठी असशील तर पुढे पाठव." मी पाठवला नाही. का नाही, ते सांगतो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

राग खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. देशाच्या प्रत्यक्ष करांतला एक तृतीयांशाहून जास्त भरणा महाराष्ट्रातून होतो. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या वाटपयोग्य करांतले 41 टक्के राज्यांना द्यायला सांगितले, त्यात महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के. उत्तर प्रदेशचा 17.939. हे आकडे वाचून कुणाचंही डोकं फिरेल. पण त्या भरण्यातला मोठा भाग मोठमोठ्या कंपन्यांचा आहे. त्यांचे कारखाने आणि खाणी देशभर, मुख्य ऑफिस मुंबईत, म्हणून कराची नोंद मुंबईच्या पत्त्यावर. पत्त्याची गंमत इथूनच सुरू होते.

आता अमेरिकेकडे बघू, कारण मेसेजवाल्यांना तीच दिसते. तिथे राज्यं इन्कम टॅक्स लावतात. नोकरदाराचं सोपं आहे. पगार कापून येतो, तो कुठे पळणार? पण श्रीमंताचा पैसा त्याच्या नावावर नसतोच, तो ट्रस्टमध्ये असतो. ट्रस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टाटा हॉस्पिटल येतं. ते वेगळे, सार्वजनिक. मी बोलतोय घरगुती ट्रस्टबद्दल. बापाने पैसा एका विश्वस्ताच्या हाती द्यायचा, फायदा पोरांना. आता हा ट्रस्ट राहतो कुठे? त्याला ना रेशनकार्ड, ना लाइट बिल.

तिथल्या प्रत्येक राज्याने याचं वेगळं उत्तर काढलंय. कॅलिफोर्निया विश्वस्त कुठे राहतो ते बघते, आणि ज्याचा हक्क पक्का आहे असा लाभार्थी कुठे राहतो तेही. न्यूयॉर्क बघते की ट्रस्ट केला तेव्हा करणारा कुठला होता. पण विश्वस्त बाहेरचा, मालमत्ता बाहेरची आणि उत्पन्नही बाहेरचं असेल, तर न्यूयॉर्क कर सोडून देते. म्हणजे विश्वस्त बदला, काम झालं. साउथ डकोटा आणि नेवाडात राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, म्हणून विश्वस्ताचा धंदा करणाऱ्या कंपन्या तिथे पाट्या लावून बसल्यात. नेवाडात ट्रस्ट करून कर चुकवायची एक खास पद्धत निघाली होती. ती बंद करायला न्यूयॉर्कने 2014 साली कायदा केला, कॅलिफोर्नियाला 2023 उजाडलं.

तुम्ही म्हणाल, मग लाभार्थी जिथे राहतो तिथे लावा कर. नॉर्थ कॅरोलायनाने तेच केलं. न्यूयॉर्कच्या एका गृहस्थाने 1992 मध्ये मुलांसाठी ट्रस्ट केला. त्याची मुलगी किंबर्ली केस्टनर 1997 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात राहायला गेली. राज्याने 2005 ते 2008 या वर्षांसाठी तिच्या ट्रस्टवर 13 लाख डॉलरच्या वर कर लावला. त्या वर्षांत तिला ट्रस्टमधून एक डॉलरही मिळाला नव्हता, आणि मागायचा हक्कही नव्हता. प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात. जून 2019 मध्ये सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, लाभार्थी इथे राहते एवढ्यावर कर लावता येणार नाही. कोर्टाचं चुकलं असं मी म्हणत नाही. हातात न आलेल्या पैशावर कर कसा घेणार? पण राज्याच्या तिजोरीत काय पडलं, ते बघा.

आपल्याकडे हा घोळ नाही, कारण शेतीचं उत्पन्न सोडलं तर इन्कम टॅक्स केंद्राचा. ट्रस्ट परळला करा नाहीतर पाटण्याला, दर तोच. कुणाला किती द्यायचं हे विश्वस्ताच्या मर्जीवर ठेवलं असेल तर साधारणपणे सगळ्यात वरच्या दराने कर. आणि ट्रस्टचा कारभार पूर्णपणे परदेशातून चालत असेल तरच तो अनिवासी, थोडा जरी इथून चालला तरी इथला. कायद्यात पळवाटा असतील, पण वापी ओलांडून कर चुकवता येत नाही.

उद्या महाराष्ट्राने वेगळा टॅक्स लावला तर? रोड टॅक्स वाचवायला पुद्दुचेरीच्या नंबरप्लेटच्या गाड्या मुंबईत फिरताना आपण पाहिल्यात. गाडी निदान रस्त्यावर दिसते, आरटीओवाला अडवू शकतो. मलबार हिलवरच्या घराण्याचा दमणमधला ट्रस्ट कोण अडवणार? मालक इथे, पोरं इथे, विश्वस्त आणि कागद दमणला. मागे कोण उरलं? केईएमची नर्स, कोर्टातला शिपाई, बेस्टचा कंडक्टर.

याची छोटी प्रत आजही पगाराच्या स्लिपवर आहे. प्रोफेशन टॅक्स. तो राज्याचाच. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. घटनेने घातलेली कमाल मर्यादा तेवढीच. त्यामुळे चाळीतल्या कारकुनाला 2500 आणि कोटीत पगार घेणाऱ्या साहेबालाही 2500!

भांडायचं तर इथे भांडा. ती 2500 ची मर्यादा उठवा आणि वरच्यांसाठी वेगळे टप्पे करा. केंद्र जो सेस आणि सरचार्ज घेतं तो राज्यांमध्ये वाटलाच जात नाही, तो वाटणीत आणा. या दोन्ही गोष्टींना घटनादुरुस्ती लागेल, सोपं नाही. पण वेगळ्या इन्कम टॅक्सलाही तीच लागणार आहे, मग पळवाट न ठेवणारी मागू.

ज्यांना पटत नाही त्यांनी खाली लिहा, मी उत्तर देईन. शिव्या नकोत, आणि "तू दिल्लीचा एजंट" हे दोनदा येऊन गेलंय. लिहिताना फक्त एवढं सांगा: तुमच्या नव्या कायद्यात ट्रस्टचा पत्ता कुठला धरणार? बापाचा, पोराचा की विश्वस्ताचा?