पटकथा कुणाच्या बापाची?

सिनेमानं आपल्या लोकांना रडायला शिकवलं ते हरिश्चंद्रापासून. १९१३ साली फाळक्यांनी ती गोष्ट पडद्यावर आणली. गोष्टीतला राजा मसणवट्यात डोंबाचा नोकर होतो, आणि ऐकणाऱ्याचा गळा दाटतो. कशापायी? राजावर ही पाळी आली म्हणून! तो डोंब पिढ्यान् पिढ्या तिथंच लाकडं रचतोय, त्याच्यासाठी कुणाचा रुमाल ओला झाला? त्यालाही बायको असेल, पोरगं असेल. राजा सिंहासनावर परत गेल्यावर त्याच्या जागी मसणात कुणाला जुंपलं? हे प्रश्न मला झोपू देत नाहीत, म्हणून मी पटकथा लिहितो. कलेची सेवा वगैरे भानगड आपल्याला ठाऊक नाही.

काही मित्र म्हणतात, कविता सोडून हे कसले धंदे? कवितेनं आपल्याला तोंड दिलं हे खरंच. मिलिंद कॉलेज १९५० चं. तिथल्या पोरांनी प्रा. म. भि. चिटणीसांचं ‘युगयात्रा’ साक्षात बाबासाहेबांपुढं केलं. पानतावणे सरांचं ‘अस्मितादर्श’ ह्याच शहरातून निघालं. ती पानं वाचून मी उभा राहिलो. पण माझ्या आईला अक्षर येत नाही, सिनेमा येतो. तिच्यापर्यंत जायचं तर पडदाच पाहिजे.

आता लिहितो कसा ते सांगतो. आधी माणसं कुठं आहेत ते ठरवतो, काय बोलतात ते नंतर. ‘सरपंचाचा वाडा. बाह्य. दिवस.’ एवढं लिहिलं की पेन थांबतं. सरपंच खुर्चीवर. त्याचा मेहुणा बाजेवर. कुत्रं ओसरीवर. आणि बाप? बाप उभाच. दोनच शब्द, पण सगळी मनुस्मृती त्यात आली. मग पाणी. कुणाला तांब्या, कुणाला वरून ओंजळीत, आणि आजकाल कुणाला कागदी पेला, जो फेकून देता येतो. ह्या कागदी पेल्यानं तर अस्पृश्यतेला सुधारकाचं धोतर नेसवलंय! माझ्या एका दृश्यात संवाद शून्य, नुसते पेले आहेत. तीन पानं. हिशेबानं तीन मिनिटं होतात.

मराठी सिनेमातलं गाव देवळाच्या कळसापासून दिसायला लागतं. माझं गाव गावकुसाबाहेरून सुरू होतं, तिथून कळस पाठमोरा दिसतो. कॅमेरा कुठं ठेवला ह्यावर जात कळते, सायबा. भिंग तटस्थ असतं म्हणणाऱ्यानं ‘फँड्री’चा शेवट पुन्हा बघावा. जब्यानं भिरकावलेला तो दगड सरळ प्रेक्षकाच्या तोंडावर येतो. नागराज मंजुळेनं पटकथा कशी लिहावी हे कुठल्या शिबिरात सांगण्यापेक्षा जास्त त्या एका दगडात सांगितलं.

मुंबईत एका दिवाणखान्यात मी ही पटकथा वाचून दाखवली. नाव घेत नाही, त्यानं माणूस उगाच मोठा होतो. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, “गरिबी ठेवा, जात काढा. म्हणजे सगळ्यांची गोष्ट होईल.” सगळ्यांची म्हणजे कुणाची रे? तुझ्या सिनेमात मंगळागौर आली तर ती सगळ्यांची, माझ्यात भीमजयंती आली की ती एका समाजाची! वर विचारतो, बाप रडत का नाही. अरे, आमच्या वस्तीत मयतीला गेलेली माणसंसुद्धा हसतात, मेलेल्याच्या गमती सांगून हसतात. ते हसू त्यांना परवडत नाही. शेवटी म्हणाला, कथा आम्हाला द्या, तुम्हाला बोलीभाषेचे सल्लागार म्हणून घेऊ. म्हणजे बलुतं! राबायचं आपण, रास त्यांची, आणि खळ्यातलं सांडलेलं वेचायचं आपण.

हे नवं नाही. अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले, ‘वैजयंता’ निघाला, ‘फकिरा’ निघाला. अण्णाभाऊ १९६९ साली गेले ते दारिद्र्यातच. ‘सैराट’ २०१६ चा. २०१८ साली त्याचा हिंदीत ‘धडक’ केला, आणि जातीची धार बोथट करून ठेवली. सुरीची मूठ तेवढी विकायला काढली.

आणि एवढ्यातूनही लिहिलं, काढलं, तर पुढं सेन्सॉर. २०२५ साली ‘फुले’ सिनेमातून महार, मांग, पेशवाई हे शब्द काढायला सांगितले. ज्योतिबा ठेवा, पण ते कुणासाठी आणि कुणाशी भांडले ते सांगू नका! त्याच वर्षी ‘चल हल्ला बोल’च्या वेळी सेन्सॉरच्या कचेरीतून ‘कोण ढसाळ?’ असा सवाल आल्याचं पेपरांनी छापलं. ज्या नामदेव ढसाळांना सरकारनंच १९९९ साली पद्मश्री दिली, ते ढसाळ.

मी सध्या नामांतरावर लिहितोय. विधिमंडळाचा ठराव जुलै १९७८ चा, विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचं नाव चढलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळे मारले गेले. (शहराचं नाव २०२३ साली कागदावर बदललं. तेव्हा कुणाचं छप्पर पेटलं नाही, ही तुलना ज्यानं त्यानं करावी.) त्या काळातल्या बाया अजून आहेत. उस्मानपुऱ्यात, भीमनगरात जाऊन मी त्यांच्यापाशी बसतो. टेप लावला की त्या गप्प होतात, टेप बंद केला की बोलतात. म्हणून ऐकतो, घरी येऊन रात्री लिहितो. एकीनं सांगितलं, घर पेटलं तेव्हा तिनं आधी फोटो काढला, मग पीठ. पोरं आधीच ज्वारीत लपवली होती. फोटो कुणाचा ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. दिवाणखान्यातला माणूस विचारील. त्याच्यासाठी पटकथेत खुलासा घालणार नाही.

माझ्या अटी दोन. पाटीवर ‘पटकथा’ ह्या शब्दापुढं माझं नाव, आणि पहिला खेळ ह्या बायांसाठी, त्यांच्याच वस्तीत, चादर बांधून का होईना. पहिला भाग झालाय, ब्याण्णव पानं. दुसऱ्यात १९९४ ची ती कमान यायची आहे, आणि तिच्या पायथ्याशी कोण उभं असेल त्यावर सध्या बायांचं आपसात भांडण चालू आहे.